धुऱ्यावरची गाठ

बुलडाणा जिल्ह्यात माझ्या बहिणीच्या सासऱ्यांइतका कापसाचा माणूस दुसरा झाला नाही. कापूस पिकवणारे या जिल्ह्यात पुष्कळ आहेत, त्याचा व्यापार करणारेही आहेत. पण सगळे जग कापसावरून समजून घेणारे तेवढे एकच. जानेफळच्या मुख्य रस्त्यावर त्यांचे कृषी केंद्र होते. बियाणे, खते आणि फवारणीची औषधे यांच्या मधोमध गादीवर बसून ते पाऊस, राजकारण, लग्ने, आजार आणि नातवाचा अभ्यास या सगळ्यांचा निकाल कापसाच्या शेतात लावत. नातवाला ताप आला की म्हणत, "पानी जास्त झालं याले, मुळी गुदमरली." गावात दोन भावांचे भांडण झाले की म्हणत, "एका जाग्यावर दोन बिया टाकल्या, इरळनी केली नाही, मंग असंच होते." एका लग्नात पंगत बसलेली असताना दोन ओळींमधले अंतर कमी आहे म्हणून त्यांनी वाढप्यांना थांबवले आणि एक अख्खी ओळ उठवून मागे सरकवली. नवरदेवाचा मामा त्याच ओळीत होता. तो हातात पत्रावळ घेऊन उभा, आणि हे त्याला समजावत होते, "दाटी झाली का हवा खेळत नाही. हवा खेळली नाही का बुरशी आलीच समजा." मामाने नव्या जागी बसून शेजाऱ्याला हळूच विचारले, "हे कोण?" शेजारी जेवता जेवता म्हणाला, "कृषी केंद्र." गावाच्या दृष्टीने तेवढा खुलासा पुरेसा होता.

माझ्या बहिणीला पाहायला ते आले तेव्हा मुलीचे नाव, शिक्षण, स्वयंपाक यांपैकी त्यांनी काहीच विचारले नाही. चहा संपवून ते माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या घरात दमा, साखर, असं काई चालत आलं हाय का? वाईट मानू नका. वाण पाहून घ्या लागते." वडिलांनी वाईट मानले. ते म्हणाले, "आमच्या घरात फक्त राग चालत आला आहे." त्यावर पाहुणे समाधानाने मान हलवून म्हणाले, "रागाची काई हरकत नाही. तो जमिनीवर असते, बियान्यात नसते." सोयरीक जमली. त्या बाजूच्या रिवाजाप्रमाणे बहीण त्यांना मामाजी म्हणू लागली आणि हळूहळू आम्ही सगळेच म्हणू लागलो.

बीटी कापूस आला तेव्हा मामाजी पन्नाशी ओलांडलेले होते. कंपनीच्या माणसाने जालन्याच्या एका सभेत पडद्यावर चित्रे दाखवून सांगितले की एका जंतूमधला जीन काढून कापसात घातला आहे, आता बोंडअळीने पान खाल्ले की ती मरते. मामाजी त्या सभेतून दुसराच माणूस होऊन परतले. बीटीचे पाकीट विकत घेणाऱ्याला ते आधी जीन समजावून सांगत, मग पाकीट देत. घाई असलेले गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाई. त्याचे त्यांना काही वाटत नसे.

त्यांचा खरा जीव मात्र पाकिटासोबत येणाऱ्या छोट्या पुडीत होता. त्या पुडीत बिगर बीटीचे, साधे बियाणे असे. ते शेताच्या चारी बाजूंनी, म्हणजे वऱ्हाडी भाषेत धुऱ्यावर, लावायचे. शेतकऱ्यांना हा शुद्ध मूर्खपणा वाटे. अळीला मुद्दाम जेवण कशाला वाढायचे? बहुतेक लोक ती पुडी उकिरड्यावर टाकत, काही जण न उगवलेल्या जागा भरायला वापरत. मामाजी मात्र प्रत्येकाला थांबवून कारण सांगत. "हे पाहा, बीटी खाऊन हजारात एखादी अळी वाचते. ती खमकी. तिचं पाखरू झालं का ते जोडीदार पाहाते. वावरात सारे मेलेले, मंग वाचलेली दुसरी खमकीच भेटते. खमक्याची सोयरीक खमक्याशी झाली, का लेकरं सारी खमकी. मंग तुमचं बीटी गेलं. पन धुऱ्यावर साधी पऱ्हाटी असली, का तठी भोळ्या अळ्या जगते. भोळ्याची सोयरीक खमक्याशी लावून द्याची. लेकरं भोळी निघते. बीटी टिकते."

रस्त्याच्या पलीकडे सलीमभाई फवारणीचे पंप दुरुस्त करत. विडी ओठात धरून ते ओरडत, "मामा, अळीच्या लग्नात आहेर काय द्याचा?"

"तू नको येऊ," मामाजी इकडून उत्तर देत. "तुझ्या धुरानं वऱ्हाड मरन."

विडीवरून या दोघांचे भांडण वीसेक वर्षे तरी चालू असावे. मामाजींनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. दुकानात विडी पेटवलेल्या माणसाला ते बियाणे देत नसत. सलीमभाई चहाला आले की त्यांना पायरीवर बसवत, आणि त्यांच्या फुप्फुसाचे वर्णन गिऱ्हाइकांसमोर करत: त्यात आता पान नाही, फूल नाही, मूळही शिल्लक नसेल, नुसता उभा सांगाडा. सलीमभाई ते कौतुकाने ऐकत आणि खोकत.

मग खोकला मामाजींना लागला. आधी तो औषधांच्या वासाचा म्हणून सोडून दिला, मग मेहकरच्या डॉक्टरांनी क्षयाची शंका घेतली, आणि शेवटी औरंगाबादच्या एका इस्पितळात छातीचा स्कॅन झाला. उजव्या फुप्फुसात गाठ होती. पाठीतून सुई घालून तिचा तुकडा काढला. कर्करोग निघाला. जानेफळमध्ये ही बातमी पोहोचली तेव्हा पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसला नाही. काहींना वाटले की नाव सांगण्यात गफलत झाली. सलीमभाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "मामा, बीमारीनं घर चुकलं. माह्याकडं येत होती ते." त्या दिवसापासून त्यांनी विडी सोडली. मामाजींना ते आवडले नाही. भांडायला कोणी उरले नाही, अशी त्यांची तक्रार होती.

इस्पितळातल्या डॉक्टर तरुण होत्या आणि सावकाश बोलत. त्यांनी स्कॅन उजेडावर धरून दाखवला. "काका, गाठ वरच्या भागात आहे, आणि बाहेरच्या कडेला. मधल्या मोठ्या श्वासनळीजवळ गाठ असते तेव्हा बहुधा मागे तंबाखू असतो. तुमची कडेची आहे, आणि तुम्ही कधी ओढलेली नाही. अशा गाठीत पेशींच्या एका जीनमध्ये ठराविक बदल सापडण्याची शक्यता जास्त असते. तो बदल असला तर त्याच्यावर गोळी आहे. पण नुसत्या जागेवरून ठरवता येत नाही. तपासणी करावी लागेल."

मामाजींचा चेहरा त्या दिवशी प्रथमच उजळला, असे बहीण सांगते. ज्या गोष्टी त्यांना समजत, त्यांपैकी दोन डॉक्टरांनी एका दमात उच्चारल्या होत्या. "म्हंजे गाठ धुऱ्यावर हाय," ते म्हणाले. "आन् जीन पाहा लागते." डॉक्टरांना धुरा म्हणजे काय ते बहिणीने समजावले. त्या म्हणाल्या, "हो, तसंच."

तपासणीचा निकाल यायला वेळ होता. त्या दिवसांत जानेफळमध्ये एक चमत्कारिक अवस्था होती: अख्खे गाव एका माणसाच्या जीनमध्ये बिघाड निघावा म्हणून वाट पाहत होते. मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट समजावत. बिघाड निघाला तर चांगले, न निघाला तर वाईट, हे लोकांच्या गळी उतरवायला त्यांना बीटीपेक्षाही जास्त कष्ट पडले. सलीमभाई शुक्रवारच्या नमाजला जाऊन आले आणि बहिणीला म्हणाले, "दुआ मागाले बसलो, पन मागू काय? मामाच्या जीनमंदी खराबी निघू दे, हे अल्लाले कोन्या तोंडानं सांगू? मंग म्हनलं, तुले समजते ते कर."

बिघाड निघाला. दुकानात पेढे वाटले गेले. रोज एक गोळी सुरू झाली.

पेढ्यांचा एक परिणाम असा झाला की गावात निराळीच वार्ता पसरली. मामाजींनी इतकी वर्षे बीटीचे बियाणे हाताळले, त्याची धूळ छातीत गेली, आणि कापसातला जीन त्यांच्या फुप्फुसात उगवला, असे लोक म्हणू लागले. एका शेतकऱ्याने तर बियाण्याचे पाकीट रुमालात धरूनच उचलले आणि विचारले, "मामा, तुमच्या छातीत बीटी निघालं म्हनते?" मामाजींना हा कापसाचा अपमान वाटला. "बीटी असतं," ते म्हणाले, "तं ह्या गाठीच्या अळीनं मले खाल्लं असतं काय?" गिऱ्हाइकाला हे पटले. त्याने रुमाल खिशात ठेवला.

गोळीने काम केले. काही आठवड्यांत खोकला थांबला, भूक आली, त्यांची मोपेड पुन्हा शेतांच्या बाजूने फिरू लागली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ आकसून जवळजवळ दिसेनाशी झाली होती. बहीण डॉक्टरांसमोरच रडली. मामाजी स्कॅनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पह्यल्या साली बीटीनं असंच केलं होतं. एक बोंड किडलं नव्हतं." सगळ्यांनी ते कौतुक म्हणून घेतले.

त्याच हंगामात गुलाबी बोंडअळी आली. अळी आधीही होती, पण त्या वर्षी बीटीला न जुमानता ती बोंडात शिरली. बोंड वरून धडधाकट दिसे. उघडले की आत पिवळा, चिकटलेला कापूस आणि मधे गुलाबी अळी. शेतकरी पिशव्या भरून बोंडे घेऊन दुकानांवर येऊ लागले. काही दुकानदारांनी शटर ओढले आणि लग्नकार्याला गेल्याचे सांगितले. मामाजींना घरच्यांनी गादीवर बसू नका म्हणून विनवले, ते बसले. लोक समोर बोंडे ओतत. "मामा, हे तुमचं बीटी." "मामा, तुमी तं म्हनत होते, अळी मरते." ते एकेक बोंड हातात घेत, फोडत, बाजूला ठेवत. बहीण आतल्या दारात उभी राहून वाट पाहत होती की आता ते पुडीचे बोलणार. 'मी सांगितले होते, तुम्ही उकिरड्यावर फेकली' हे वाक्य म्हणण्याचा गावात त्यांच्याइतका हक्क कोणालाच नव्हता. त्यांनी ते म्हटले नाही. फक्त "अळी शिकली" एवढेच म्हणत राहिले.

थंडी संपता संपता गोळ्या संपायला हव्या होत्या. बहीण नव्या गोळ्या आणायची तयारी करत होती, तेव्हा मामाजींच्या उशापाशी असलेल्या डब्यात तिला काही गोळ्या शिल्लक दिसल्या. त्या तिथे असायला नको होत्या.

"मामाजी, ह्या काऊन उरल्या?"

"उरल्या नाही. ठेवल्या."

"काऊन पन?"

"धुरा सोडला, पोरी."

बोंडअळीच्या त्या आठवड्यापासून मामाजी दर बाजाराच्या दिवशी गोळी घेत नव्हते. त्यांचा हिशेब सरळ होता. गोळी म्हणजे बीटी. रोज घेतली तर भोळ्या पेशी सगळ्या मरतील, एखादी खमकी वाचेल, आणि मग ती एकटीच वाढेल. त्यापेक्षा आठवड्यातला एक दिवस साधा सोडायचा, त्या दिवशी काही भोळ्या जगतील, आणि गोळी टिकेल. ज्या माणसाने आयुष्यभर लोकांना धुऱ्याचे महत्त्व सांगितले आणि एकानेही ऐकले नाही, त्याने स्वतःचे तरी ऐकायचे ठरवले होते. त्यासाठी ज्या कोणाला विचारायला हवे होते, त्याला विचारायचे मात्र राहून गेले.

बहिणीने त्यांना तशीच औरंगाबादला नेले. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी पुडीची गोष्ट दोनदा सांगायला लावली, पाखरांच्या सोयरिकीसकट. मग म्हणाल्या, "काका, तुमची भीती खरी आहे. ही गोळी काही काळाने बहुतेकांत काम करेनाशी होते. गाठ शिकते, तुमच्या भाषेत. पण तुमचा उपाय इथे लागू पडत नाही. शेतात भोळं पाखरू खमक्याशी जोडी जमवतं, म्हणून पुढची पिढी भोळी निघते. गाठीतल्या पेशी जोडी जमवत नाहीत. एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार. खमकीच्या सगळ्या खमक्याच. भोळ्या जगवून त्यांचा उपयोग काहीच नाही, त्या फक्त गाठ वाढवतात."

मामाजींनी विचारले, "सोयरीकच नाही?"

"नाही."

"कोनाची कोनाशी नाही?"

"नाही, काका."

मामाजींनी खुर्ची टेबलाजवळ सरकवली. मग म्हणाले, "मंग असं गाव वळनावर आनावं कसं?" डॉक्टरांनी रोजची गोळी पुन्हा लिहून दिली. परतताना एसटीत त्यांनी गोळी मागून घेतली आणि सगळ्यांसमोर पाण्याबरोबर गिळली. पुढे रोज घेतली. बहीण समोर उभी राहत असे, आणि ते तिला तोंड उघडून दाखवत.

गाठ पुढच्या पावसाळ्यानंतर परत आली. आधी तिथेच कडेला, मग मणक्यातही. या वेळी औरंगाबादला मी बरोबर होतो. पुन्हा सुई, पुन्हा तुकडा, पुन्हा वाट पाहणे. डॉक्टरांना आशा होती की नव्या गाठीत एक ओळखीचा बदल सापडेल, ज्याच्यावर दुसरी गोळी असते. बदल सापडला, पण तो नव्हे. जो होता त्याच्यावर गोळी नव्हती. सलाइनमधून द्यायचे औषध होते. ते या तब्येतीला झेपेल असे डॉक्टरांना वाटत नव्हते, आणि त्यांनी तसे सांगितले.

मग बहिणीने विचारले, "ते बाजाराचे दिवस सोडले नसते तर?" ती हळूच बोलली होती, पण खोली लहान होती.

डॉक्टर म्हणाल्या, "हे केव्हातरी होणारच होतं. त्या दिवसांनी किती फरक पडला, पडला की नाही, मला सांगता येणार नाही. कोणालाच सांगता येणार नाही." कागद सरळ करण्यातच त्यांचा थोडा वेळ गेला.

तेव्हा मामाजी बोलले. "म्याडम, तुमी वाईट वाटून घेऊ नका. मी दुकानदार हाय. माल फेल गेल्यावर गिऱ्हाईकासमोर बसनं काय असते, मले ठाऊक हाय. तुमी बसल्या. लय झालं." त्यांनी उठून हात जोडले. डॉक्टर खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि तशाच राहिल्या.

परतीला आम्ही जीप केली होती. जालना मागे पडले. देऊळगाव राजाच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कापूस फुटला होता आणि बायका वेचणी करत होत्या. मामाजींनी जीप थांबवायला सांगितली. मी हात धरून त्यांना उतरवले. कडेच्या शेतात एक मध्यमवयीन बाई पोटाला कापसाची ओटी बांधून एकटीच वेचत होती. ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. आता हिला त्यांचे व्याख्यान ऐकावे लागणार, असे मी मनात म्हटले. ओळीतले अंतर, पाणी, फवारणी, धुरा, सगळे. पण त्यांनी नुसते विचारले, "कसा हाय औंदा?" आणि तिने सांगायला सुरुवात केली. पाऊस उशिरा आला, मग थांबलाच नाही, खालची बोंडे सडली, वेचायला माणूस मिळत नाही, जावई येतो म्हणून आला नाही. मामाजी ऐकत राहिले. मधूनच खोकल्याची उबळ आली आणि ते वाकले. बाईने वेचणी थांबवली.

"बरं नाही का काका तुम्हाला?"

"खोकला हाय."

"मग तसंच हिंडता का उन्हाचं? अडुळशाचा काढा घ्या. सकाळी उपाशीपोटी, मध घालून. माझ्या सासऱ्याचा असाच होता, गेला."

मी त्यांच्याकडे पाहिले. दुसऱ्याचा सल्ला ऐकून घेताना त्यांना कोणीच पाहिले नव्हते. ते तिला विचारत होते, "पानं किती घ्याची? वाळलेली चालते का ओलीच पायजे?" तिने बोटांनी मूठ दाखवली. त्यांनी तशीच मूठ करून तिला दाखवली, बरोबर आहे ना म्हणून. ती हो म्हणाली आणि पुन्हा वाकून वेचू लागली.

जीपमध्ये बसल्यावर बहीण म्हणाली, "मामाजी, काढ्यानं काय होते?" ते म्हणाले, "तिनं इतक्या मायेनं सांगतलं. घेऊन तं पाहू."

जानेफळला सलीमभाईंच्या परसात अडुळसा होता. ते रोज सकाळी मूठभर पाने आणून देत, बहीण काढा उकळत असे. तो कडू लागतो अशी तक्रार मामाजींनी केली नाही. कशाची उपमाही त्याला दिली नाही. वाटी दोन्ही हातांनी धरून ते सावकाश पीत, आणि बहीण सांगते की शेवटच्या सकाळपर्यंत त्यांनी तो एकही दिवस सोडला नाही.